प्रतिबंधक स्थानबद्धता आणि ‘तांत्रिक’ मुद्दे : न्यायालयीन भूमिकेची चिकित्सा

भारतीय संविधानातील अनुच्छेद २२ मूलभूत हक्कांच्या भागात आहे. तरीही त्याच्या खंड ४ ते ७ मध्ये खटल्याविना कारावासाला मान्यता दिलेली आढळते. ‘कायद्याची योग्य प्रक्रिया’ हा शब्दप्रयोग संविधानातून वगळला गेला, त्याची काही अंशी भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये या तरतुदी संविधान सभेपुढे ठेवल्या. त्यातील पाचव्या खंडाने स्थानबद्धास दोन हक्क दिले : कारणे शक्य तितक्या लवकर कळणे आणि आदेशाविरुद्ध अभिवेदन करण्याची लवकरात लवकर संधी मिळणे. स्थानबद्धतेविरुद्धची बहुतेक न्यायालयीन लढाई या एका खंडाच्या आधारे लढली गेली आहे.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ए. के. गोपालन खटल्यापासून (१९५०) न्यायालयांनी अधिकाऱ्याच्या व्यक्तिनिष्ठ समाधानाच्या जागी स्वतःचे मत ठेवण्यास नकार दिला. संबंधित इसम खरोखर धोकादायक आहे काय, हा प्रश्न सहसा न्यायकक्षेबाहेर राहिला. आदेश नीट बजावला गेला काय, हा प्रश्न मात्र कक्षेत आला. यामुळेच स्थानबद्ध सुटतो तो ‘तांत्रिक’ मुद्द्यावर, अशी तक्रार पोलीस व प्रशासनाकडून वारंवार ऐकू येते.

या तक्रारीची परीक्षा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या निवाड्याच्या आधारे करता येते. नागपूरच्या या स्थानबद्धास केवळ हिंदी येत होते. कारणे मात्र इंग्रजीत दिली गेली. त्याने हिंदी प्रत मागितली असता ती नाकारण्यात आली. इंग्रजी ही कामकाजाची भाषा आहे आणि मजकूर तोंडी समजावून सांगितला आहे, असा शासनाचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. स्थानबद्धास कळेल अशा भाषेत व लिपीत कारणे मिळाली नाहीत, तर ती कळविली गेली असे म्हणताच येत नाही. येथे तांत्रिक ते काय? ज्याला आरोपच वाचता येत नाही तो उत्तर कशाचे देणार! पुरावा तपासला जात नाही अशा व्यवस्थेत उत्तर देण्याची संधी हाच संरक्षणाचा गाभा असतो.

१९८१ च्या महाराष्ट्र अधिनियमाचा रोख झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांवर होता. त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता शक्य आहे. कमलेशकुमार पटेल (१९९५) निवाड्यातील तत्त्व संतोष आचार्य (२०००) प्रकरणात या अधिनियमास लागू झाले. शासनाची मान्यता मिळेपर्यंत आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही अभिवेदन करता येते आणि हे स्थानबद्धास सांगितले नाही तर आदेश दूषित होतो. ही मान्यता बारा दिवसांत मिळवावी लागते, म्हणजे संधीची मुदत अल्प; तरीही न्यायालयाने ती गौण मानली नाही, हे योग्यच झाले.

तथापि या यशाची मर्यादा नजरेआड करता येत नाही. स्वातंत्र्य कारकुनी चुकीवर अवलंबून राहिले, तर कागद बिनचूक असलेला अन्याय्य आदेश टिकतो. याचिकेचा निकाल येईपर्यंत मुदतीचा मोठा भाग तुरुंगात सरलेला असू शकतो, हे तर वेगळेच. रेखा विरुद्ध तामिळनाडू (२०११) निवाड्यात सामान्य फौजदारी कायदा पुरेसा असताना स्थानबद्धता बेकायदेशीर ठरते असे म्हटले गेले; आशयाकडे वळणारे हे महत्त्वाचे पाऊल होय.

सल्लागार मंडळापुढे मात्र स्थिती दुर्बलच राहिली. ए. के. रॉय खटल्यात वकिलाचा हक्क नाकारला गेला. शासनाने विधिज्ञाची मदत घेतल्यास स्थानबद्धालाही ती मिळावी आणि एरवी वकील नसलेल्या मित्राचे साहाय्य घेता यावे, एवढेच मान्य झाले. हातभट्टीवर पोट भरणाऱ्याला कायदा जाणणारा पण वकील नसलेला मित्र कोठून मिळावा, याचे उत्तर निवाड्यात नाही. मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार व्हावी आणि मंडळाच्या मताविना स्थानबद्धतेची कमाल मुदत तीनऐवजी दोन महिने असावी, अशी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ मध्ये आहे. ते कलम अमलात आणण्याचा आदेश शासनाला देण्यास न्यायालयाने त्याच खटल्यात नकार दिला, आणि त्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही.