चोरलेली जात आणि वाचलेले नाव

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दाहकतेविषयी आणि विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने शीर्षकातील ‘चोरली’ या क्रियापदाचा विचार फारसा झालेला नाही. चोरी होते ती परक्याच्या मालकीच्या वस्तूची. जन्माबरोबर जी आपल्या पदरात पडली ती गोष्ट कोणी चोरावी कशी? परंतु मराठीत ‘चोरणे’ या क्रियापदाला दुसराही एक अर्थ आहे. माणूस अंग चोरून बसतो, नजर चोरतो. येथे दुसऱ्याचे काही घेतले जात नाही, आपलेच काही आखडून घेतले जाते. समाजाच्या दृष्टीने जी लबाडी, ती भोगणाऱ्याच्या दृष्टीने अंग चोरणे असते. या दोन अर्थांच्या ओढाताणीतच प्रस्तुत कथेचे, आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या इतर लेखनाचेही, मर्म साठवलेले आहे.

ही ओढाताण खेड्यात संभवत नाही. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारखी जुनी वस्ती घ्या, की नाशिककडचे एखादे गाव घ्या. घर कोणत्या आळीत आहे यावरून तेथे माणसाची जात ठरलेली असते. लपवू म्हटले तरी लपविण्याजोगे काही उरत नाही. माणूस रेल्वेत, कारखान्यात, वसतिगृहात येतो तेव्हा तो प्रथमच अनोळखी होतो, आणि अनोळखी होताच त्याला प्रश्न विचारला जातो. नेला लार्सन यांच्या ‘पासिंग’ (१९२९) या अमेरिकन कादंबरीतील स्त्रियांच्या बाबतीत त्वचेचा रंग हीच साक्ष ठरते. जातीला असा वर्ण नाही. म्हणूनच येथे विचारपूस करावी लागते, आडनाव चाचपून पाहावे लागते. लपविणे हे या विचारपुशीचे अपत्य होय. तिच्याआधी ते अस्तित्वात नसते.

या अनुभवाचा एक पूर्वाध्याय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात्मक टिपणांत आहे. परदेशातील शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या या विद्वानाला राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर पारशांनी त्यांना जाब विचारला आणि जागा सोडावयास लावली. या कथनात कोठेही अपराधाचा सूर नाही. मुक्कामाची एकाकी खोली, अपुरा उजेड, हिंदू मित्राच्या आणि ख्रिस्ती मित्राच्या घरीही न मिळालेला आसरा यांचे सरळ, जवळजवळ साक्षीदाराचे निवेदन आहे. छप्पर हवे तर नाव टाका, असा हा व्यवहार आहे आणि त्याच्या अटी दुसऱ्यानेच ठरविलेल्या आहेत.

बागुलांची कथाही गुजरातच्याच भूमीवर, सुरतेजवळच्या उधना येथे, रेल्वेच्या नोकरीनिमित्त घडते. तिच्यातही प्रथम प्रश्न येतो तो भाड्याच्या खोलीचा. जात विचारली जाताच निवेदक सरळ खोटे बोलत नाही. तो नव्या भारताच्या नागरिकाच्या आवेशात उत्तर देतो. ऐकणारे त्या आवेशातून आपल्या सोयीची जात काढून घेतात. त्याचे शिक्षण, त्याची वाणी, त्याची काव्यदृष्टी हे सारे गुण त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून साठत जातात, कारण असे गुण अस्पृश्याजवळ असू शकतील हे त्यांच्या कल्पनेत बसतच नाही. सहकारी रामचरण त्याला गुरुस्थानी मानतो, घरी जेवावयास नेतो. जो आदर त्याला मिळतो तो खराच त्याच्या गुणांचा असतो. परंतु तो चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेला असतो. सत्य उघड होताच मार पडतो. जात उघडपणे मिरवणारा, अपमान सोसणारा आणि उलट उभा राहणारा काशिनाथ त्याला वाचवितो. चोरणारा आणि न चोरणारा यांची ही जोडी कथेच्या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण योजना आहे. दोघांपैकी कोणाचीही वाट सुरक्षित नाही, हे लेखकाने तिच्याद्वारे सिद्ध केले आहे. मात्र अखेरीस मारणाऱ्या व्यक्तींच्या मागे मनूला उभे करण्याच्या भरात कथा काही प्रमाणात वक्तृत्वाच्या आहारी जाते, हे मान्य केले पाहिजे. प्रसंगाने जे सांगितले होते त्याला भाष्याची गरज नव्हती.

हे भाष्य टाळून तीच वेदना कशी मांडता येते, हे पाहावयाचे तर ओमप्रकाश वाल्मीकि (१९५०–२०१३) यांच्या ‘जूठन’ या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी आत्मकथनाकडे वळावे लागते. मुझफ्फरनगर जिल्ह्यातील बरला या गावी जन्मलेला हा लेखक आयुध निर्माणीतील प्रशिक्षणासाठी जबलपूरच्या खमरिया येथे आला आणि तेथून अंबरनाथला गेला. मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय महाराष्ट्रातच झाला. आणि याच महाराष्ट्रात त्यांच्या नावाचा अर्थ बदलला. उत्तर प्रदेशात जे आडनाव जात तत्काळ सांगून टाकते, तेच अंबरनाथच्या एका ब्राह्मण कुटुंबाला ब्राह्मणाचे वाटले. त्यांनी काहीच लपविले नव्हते. प्रदेशाने त्यांना लपविले. त्या घरी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचेही निमंत्रण आले, त्या घरातील मुलीचे प्रेमही मिळाले. पुढे त्याच घरी एका दलित प्राध्यापकाला वेगळ्या भांड्यातून चहा दिलेला पाहिला, तेव्हा त्यांनी आपली जात तिला स्वतःहून सांगितली. प्रथम तिला ते खरेच वाटले नाही. ते नाते तेथेच थांबले.

या प्रसंगात मारहाण नाही, तरीही तो उधन्याच्या मारापेक्षा कमी जीवघेणा नाही. स्वतःला मिळालेली कपबशी आणि दुसऱ्याला मिळालेले भांडे यांच्यामध्ये लेखक उभा आहे. आपल्या हाती आलेला चहा आपल्याला दिलेला नाही, एका कल्पित माणसाला दिलेला आहे, ही जाणीव त्याला बोलावयास भाग पाडते. अर्थात या प्रकरणाला एक मर्यादाही आहे. त्या मुलीचे मन आपल्याला केवळ तिच्या प्रतिक्रियेतून दिसते. परंपरेने तिच्याकडूनही काय हिरावून घेतले, याचा शोध लेखक घेत नाही.

पुढील आयुष्यात आप्तांनी सुचवूनही वाल्मीकींनी आडनाव टाकले नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये पांढरपेशा लेखक आणि दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोघे समोरासमोर बसतात. तेथे चोरलेला भागच बोलू लागतो. या साऱ्या लेखनाला केवळ कबुलीजबाब मानणे म्हणूनच अपुरे आहे. कबुली अपराधी देतो. येथे आत्मकथनाचे कार्य निराळे आहे: आखडून घेतलेले अंग पुन्हा पसरणे. बागुलांच्या शीर्षकातील ‘होती’ हा भूतकाळ याच अर्थाने महत्त्वाचा ठरतो. जात चोरली होती असे जो छापील अक्षरांत सांगतो, त्याने ती आता चोरलेली नसते. चोरीचा आळ घेणाऱ्यांनाच तो साक्षीसाठी बोलावीत असतो.