निरोप्याविना निरोप

साहित्यप्रकार म्हणून ज्याची कोणी नोंद घेतलेली नाही, परंतु आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांत आज जो सर्वाधिक वाचला जातो, अशा एका लेखनाविषयी येथे लिहावयाचे आहे. पहाटेच्या प्रार्थनेपूर्वीच तो मोबाइलवर येऊन थांबलेला असतो. गुलाबाच्या ताटव्यात येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, खाली शास्त्रातील एखादे अर्धेमुर्धे वचन, आणि त्याखाली 'आमेन लिहा' अशी आज्ञा. कथासंग्रहांची, नाटकांची, प्रवचनांच्या पुस्तकांची परीक्षणे आपल्या नियतकालिकांतून होत आली. मग घरोघरी रोज वाचल्या जाणाऱ्या या मजकुराला समीक्षेने दाराबाहेर का ठेवावे? श्रद्धेचा हेतू चांगला आहे म्हणून लेखनाची पारख करू नये, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. चांगल्या हेतूने लिहिलेली पडेल नाटके आपण पुष्कळ पाहिली आहेत.

या मजकुराची घडण पाहू. 'आमेन' हा शब्दच घ्यावा. प्रार्थना पूर्ण ऐकून घेतल्यावर ऐकणाऱ्याने द्यावयाचा तो होकार. येथे प्रार्थनेचा पत्ता नसतो; होकार मात्र आगाऊ वसूल केला जातो. कधी चित्राच्या जागी कथा असते. एका गावात एक विधवा असते, तिचा मुलगा आजारी असतो, एक अनोळखी डॉक्टर येतो आणि पैसे न घेता निघून जातो. गाव कोणते, विधवा कोण, हे कोणी कोणाला सांगितले, याचा उल्लेख नसतो. मराठी तर अशी की तिला माहेर नाही. 'देवाने तुमच्यासाठी एक सुंदर योजना आखून ठेवली आहे' हे वाक्य कादोडीत किंवा वाडवळीत बोलणाऱ्या आमच्या कोणत्याही आजीच्या तोंडून कधी निघाले नसते. तिची श्रद्धा काही कमी नव्हती, पण ती देवाशी बोलताना स्वतःच्या बोलीत बोलत असे आणि आपले गाऱ्हाणे नेमके सांगत असे. शेवटी, हा संदेश अकरा जणांना पाठविल्यास संध्याकाळपर्यंत शुभवार्ता, न पाठविल्यास अनर्थ. ही धमकी नवी नाही. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांवर ती पूर्वीही येत असे. फरक इतकाच की त्या काळी अकरा कार्डे लिहिता लिहिता हात दुखत असे आणि तेवढ्यात विचार करावयास सवड मिळे.

कोणी म्हणेल की दुसऱ्याने रचलेले पुढे पाठविणे ही तर आपली जुनीच परंपरा आहे. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हस्तलिखितांमुळे, घराघरांतून नकला करून घेणाऱ्या माणसांमुळे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, तोही अशाच हस्तलिखित प्रतींच्या आधारे. म्हणजे तीन शतके 'ख्रिस्तपुराण' हा एक पुढे पाठविलेला निरोपच होता. परंतु अकरा हजार ओव्या उतरवून घेणारा माणूस त्या वाचल्यावाचून राहू शकत नव्हता. प्रत्येक ओवी त्याच्या डोळ्यांखालून आणि बोटांमधून गेली. आजचा संदेश पाठविणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचलेला असेल याची खात्री देता येत नाही. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी मासिक काढले तेव्हा त्याला 'निरोप्या' हे नाव दिले. निरोपाइतकाच निरोप आणणारा महत्त्वाचा असतो, ही समज त्या नावात आहे. आपल्या हातातील संदेशातून नेमका हा निरोप्याच गळून पडला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री आठवावी. घागर तेथेच टाकून ती गावात धावत जाते आणि आपल्याविषयी सर्व काही जाणणारा एक माणूस भेटला आहे, येऊन पाहा, एवढेच सांगते. सारा गाव तिला ओळखतो, तिचे पाच संसारही गावाला ठाऊक आहेत. म्हणूनच तिच्या शब्दाला वजन आहे. पुढे तेच गावकरी तिला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर राहिलेला नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. साक्षीचा हा सर्वांत सुंदर नमुना आहे. सांगणारी स्वतःला लपवीत नाही, आणि काम झाल्यावर बाजूला होते. समाजमाध्यमांवरील बहुतेक धार्मिक मजकुराचे याच्या नेमके उलट आहे. जेथे बोलणारा दिसावयास हवा तेथे तो अदृश्य असतो. आणि जेथे त्याने बाजूला व्हावे तेथे, पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकलेले असतानाही, तोच चित्राच्या मधोमध असतो.

या संदर्भात एका तरुणाचे नाव सध्या वारंवार घेतले जाते. कार्लो अकुतिस याचा जन्म १९९१ साली लंडनमध्ये झाला, तो मिलानमध्ये वाढला आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याला समाजमाध्यमांचा संत म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः तो गेला तेव्हा व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम अस्तित्वातच नव्हते. त्याने केले ते निराळे काम. जगभरातील ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती त्याने जमविली, त्यासाठी आईवडिलांना अनेक ठिकाणी घेऊन जावयास लावले, छायाचित्रे घेतली आणि सव्वाशेहून अधिक नोंदींचे एक प्रदर्शन संकेतस्थळावर मांडले. एक रचना म्हणून त्याकडे पाहिले तर तिचे गुण चटकन लक्षात येतात. प्रत्येक नोंदीला स्थळ आहे, साल आहे, चर्चचे नाव आहे. लान्चानो, बोल्सेना ही गावे नकाशावर सापडतात. तेथे जाऊन पाहता येते. आणि त्या साऱ्या फलकांत या मुलाने स्वतःला कोठेही मिरविलेले नाही. शोमरोनी स्त्रीप्रमाणे तो बोट दाखवितो आणि दूर होतो.

तरीही या कामाचे परीक्षण येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच यादीत पॅरिस (१२९०) आणि ब्रुसेल्स (१३७०) येथील कथाही आहेत. यहुद्यांनी पवित्र भाकर चोरली, तिच्यावर सुऱ्यांनी वार केले आणि तिच्यातून रक्त वाहिले, अशा त्या कथा. मध्ययुगीन युरोपात हा आरोप गावोगावी फिरत होता आणि तो जेथे पोहोचला तेथे माणसे मेली. ब्रुसेल्समध्ये यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले आणि त्या चमत्काराचा गौरव पुढे शतकानुशतके मिरवणुकांतून व रंगीत काचांच्या खिडक्यांतून होत राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुदीद्वेषाचा स्पष्ट धिक्कार केला. त्यानंतर ब्रुसेल्सच्या कॅथेड्रलमध्ये १९७७ साली एक फलक बसविण्यात आला. या कथेमागील आरोप पूर्वग्रहदूषित होते, असे तेथील धर्मप्रांतानेच त्यावर नोंदविले आहे. कार्लो हा शाळकरी मुलगा होता. जुन्या पुस्तकांत जे मिळाले ते त्याने श्रद्धेने पुढे दिले, म्हणून त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या प्रौढांनी ते फलक छापले, तपासले आणि पाचही खंडांतील धर्मग्रामांत मांडले, त्यांना हा प्रश्न विचारावाच लागेल. श्रद्धा उत्कट होती, हेतू निर्मळ होता, स्थळ व सालही दिलेले होते. तरी एक जीवघेणे असत्य भक्तीच्या वेष्टनातून पुढे गेले. संताच्या हातून गेले म्हणून ते सत्य झाले नाही.

हे सारे दूरच्या युरोपातले व जुन्या काळातले आहे, अशी समजूत करून घेण्याची सोय आपल्याला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे ठरविले. ते संदेश धार्मिक नव्हते, हे खरे. पण ते पुढे पाठविणारा अंगठा आणि 'आमेन'चे चित्र पुढे पाठविणारा अंगठा यांची सवय एकच आहे. मे २०२५ मध्ये पोप लिओ निवडून आले आणि काही दिवसांतच बुर्किना फासोचे राष्ट्रप्रमुख इब्राहिम ट्राओरे यांना उद्देशून त्यांनी केलेल्या म्हणून ३६ मिनिटांच्या भाषणाची चित्रफीत जगभर फिरली. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांचाच वाटावा असा; भाषण मात्र यंत्राने रचलेले. व्हॅटिकनला तसा खुलासा करावा लागला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या जागतिक दळणवळण दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच लिहिला होता आणि पहिली खोटी बातमी एदेन बागेतील सर्पाने दिली, याकडे लक्ष वेधले होते. सर्पाची वाक्ये पुन्हा वाचून पाहावीत. ती भक्तिभावाच्या बोलण्यासारखीच सुरू होतात. देवाचे नाव त्यांत पहिल्याच वाक्यात आहे.

मग पडद्यावरून श्रद्धा पोहोचतच नाही काय? पोहोचते. २७ मार्च २०२० ची संध्याकाळ पुष्कळांना आठवत असेल. महामारीने रोममधील संत पेत्राचे पटांगण ओस पडले होते, पाऊस पडत होता आणि पोप फ्रान्सिस एकटेच पायऱ्या चढत होते. वादळात सापडलेल्या होडीचा उतारा वाचला गेला. संत मार्सेलो चर्चमधील जुना क्रूस पावसात भिजत होता. आशीर्वादाच्या वेळी दुरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, आणि तो कोणी कापून टाकला नाही. त्या दृश्यावर गुलाब चिकटविलेले नव्हते, 'आमेन लिहा' असे कोणी सांगत नव्हते. तरी दारे लावून बसलेल्या घराघरांत माणसांनी आपणहून गुडघे टेकले. पटांगण रिकामे होते ते रिकामेच दाखविले, यात त्या प्रक्षेपणाचे सारे सामर्थ्य होते.

डोंगरावरील प्रवचनात येशूने दिवा मापाखाली ठेवू नये असे सांगितले, आणि त्याच प्रवचनात थोडे पुढे दार लावून गुप्तपणे प्रार्थना करावी, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नये, असेही सांगितले. या दोहोंतील ताण आजच्या कोणत्याही कुटुंबाला चुकलेला नाही. मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचे छायाचित्र नातलगांना पाठवावयाचे नाही काय? जरूर पाठवावे, आखातात नोकरीला असलेल्या मामाला ते पाहून भरून येईल. पण आश्रमातील वृद्धाला ब्लँकेट देताना त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतलेले छायाचित्र वेगळे. त्यात त्या वृद्धाला काय वाटले, हे विचारणारा कोणी नसतो. व्हॅटिकनच्या दळणवळण विभागाने २८ मे २०२३ रोजी समाजमाध्यमांविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्याचा पाया चांगल्या शोमरोन्याचा दाखला हा आहे. पडद्यावरून जेवणाची पंगत वाढता येत नाही, ही साधी गोष्टही त्या लेखात सांगितली आहे. दाखल्यातला शोमरोनी खाली वाकला, जखमा बांधल्या, धर्मशाळेचे पैसे चुकते केले. आणि त्याचे नाव शुभवर्तमानातही आलेले नाही.

आमच्या मते या माध्यमातील उत्तम लेखन धर्मग्रामाच्या गटांवर अधूनमधून येत असते, फक्त ते लेखन म्हणून आपण त्याकडे पाहत नाही. अमुक आळीतील अमुक बाई आज पहाटे देवाघरी गेल्या, वय ८१, अंत्यविधी सायंकाळी चार वाजता, मुलगा दुबईहून निघाला आहे, म्हणून थोडा उशीर होण्याचा संभव. त्यात चित्र नसते, विशेषण नसते, वचनही बहुधा नसते. पण चार वाजता आळी कपडे बदलून निघते, कोणी फुले घेते, कोणी खुर्च्या नेते, आणि म्हाताऱ्या बायका रोझरी म्हणावयास आधीच जाऊन बसलेल्या असतात. संदेशाखाली पाठविणाऱ्याचे नाव असते आणि फोन नंबरही.