बाई गेल्यावर मंडळी नाचतात: 'पिना' या माहितीपटाविषयी

काल रात्री इथंच, थळमध्ये, पडदा लावून आपण विम वेंडर्स यांचा 'पिना' हा माहितीपट पाहिला. आज त्यावर बोलायचं ठरलंय. आधी एक कबुली देऊन टाकतो. २०११ साली आलेला हा चित्रपट त्रिमितीत, म्हणजे चष्मा लावून पाहायसाठी केलेला आहे. आपण पाहिला सपाट पडद्यावर, आणि त्यात वाऱ्यानं पडदा हलत होता. नर्तक आपल्या अंगावर आल्यासारखे वाटावेत ही दिग्दर्शकाची इच्छा होती, ती काही आपल्याकडे पुरी झाली नाही. पण त्यानं एक फायदा झाला. तंत्राचं कौतुक बाजूला पडलं आणि माणसं काय करतायत तेवढंच उरलं. आम्ही बोलणार आहोत ते त्या उरलेल्यावर.

ज्यांना काल यायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिना बाऊश यांचा जन्म १९४० चा, जर्मनीतल्या झोलिंगनचा. आईवडिलांची खाणावळ होती. १९७३ मध्ये त्यांनी जवळच्याच वुपरटाल या गावातल्या नृत्यमंडळीची सूत्रं हाती घेतली, ती अखेरपर्यंत. वुपरटाल हे काही राजधानीचं, नटवं शहर नव्हे, गिरण्या-कारखान्यांचं गाव. आपल्याला खत कारखान्याच्या चिमण्यांची सवय आहे, त्यामुळे कारखान्याच्या आवारात, रुळाला लटकून धावणाऱ्या गाडीत नाचणारी माणसं पाहून आपण फार दचकलो नाही. बाऊशबाई नर्तकांना पावलं शिकवण्याआधी प्रश्न विचारत. नर्तक हालचालीतून उत्तर देत. त्यातलं काही निवडून, जुळवून प्रयोग उभा राही.

वेंडर्स यांनी बाईंचं 'कॅफे म्युलर' १९८५ मध्ये पाहिलं आणि ते रडले. दोघं मिळून चित्रपट करायचा हे वीसेक वर्षं नुसतं बोलणंच राहिलं. शेवटी तंत्र सापडलं, तयारी झाली, आणि चाचणी-चित्रीकरणाला दोन दिवस उरले असताना, ३० जून २००९ रोजी बाई गेल्या. कर्करोग असल्याचं कळून आठवडासुद्धा झाला नव्हता. वेंडर्स यांनी काम सोडूनच दिलं होतं. नर्तकांनी त्यांना परत आणलं. म्हणजे आपण पाहिला तो बाईंवरचा चित्रपट म्हणण्यापेक्षा बाईंच्या मागं राहिलेल्या मंडळींचा चित्रपट आहे. तो जोखायचा तो याच अंगानं, असं आम्हाला वाटतं.

चांगलं काय ते आधी. नाचाला वजन असतं, हे हा चित्रपट विसरू देत नाही. 'वसंताचा विधी' या प्रयोगात रंगमंचभर माती पसरलेली आहे. नाचता नाचता ती घामाला चिकटते, कपडे मळतात, धाप ऐकू येते. लाल झगा कुणाच्या अंगावर येणार, म्हणजे बळी कोण जाणार, ही भीती चेहऱ्यावर आणावी लागत नाही, ती पाठीत दिसते. 'कॅफे म्युलर'मध्ये डोळे मिटून चालणाऱ्या बाईच्या वाटेतल्या खुर्च्या एक माणूस धावत धावत बाजूला करतो. काल आमच्या शेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "नाचतात ते नाचू देत, मला तो खुर्च्यावाला आवडला." आजींनी बरोब्बर मर्मावर बोट ठेवलं. मागं राहिलेल्या मंडळींचं काम तेच आहे.

आता तक्रार. चित्रपटात नर्तक एकेक करून कॅमेऱ्यापुढे गप्प बसतात आणि त्यांचा आवाज वरून ऐकू येतो, प्रत्येकाचा आपापल्या भाषेत. कल्पना सुंदर आहे. पण ऐकत गेलो की लक्षात येतं, सगळे एकच सांगतायत: बाईंनी मला ओळखलं, बाईंनी मला मोकळं केलं. छत्तीस वर्षं एका मंडळीत काम झालं आणि कुणी चिडलं नाही, थकलं नाही, "हे मी करणार नाही" म्हणालं नाही? शोकसभेत असं विचारू नये, खरंय. पण चित्रपट ही शोकसभा नव्हे.

आणि त्याहून मोठी उणीव म्हणजे तालीम. बाईंनी चूक कशी काढली हे जवळजवळ दिसतच नाही. एकच जागा आहे. जुन्या चित्रणात बाई स्वतःबद्दल सांगतात की 'कॅफे म्युलर' पुन्हा करताना पूर्वीचा भाव काही केल्या सापडेना. मग उमगलं की मिटलेल्या पापण्यांमागं नजर खाली आहे की समोर, यानं सगळं बदलतं. बघा, प्रेक्षकाला न दिसणारी गोष्ट! आमच्या मते या एका मिनिटात बाई जेवढ्या भेटतात तेवढ्या बाकीच्या स्तुतीत भेटत नाहीत.

हे वेगळ्या तऱ्हेनं करता येतं याचा पुरावा आहे. २०१० चा 'टान्झट्रॉयमे', म्हणजे 'नाचाची स्वप्नं', हा आन लिन्झेल आणि रायनर हॉफमान यांचा माहितीपट. बाईंचं 'कोन्टाक्टहोफ' वुपरटालची शाळकरी पोरं बसवतात. बहुतेकांनी बाईंचं नावही ऐकलेलं नव्हतं. जुन्या नर्तिका त्यांना शिकवतात: लाजू नको, हात असा नको, पुन्हा. मधेच बाई येऊन बसतात, पाहतात. तिथं कला एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना दिसते. 'पिना'मध्ये ती पोचल्यानंतरची दिसते.

हा प्रश्न जर्मनीतच ठेवायला नको. बाऊशबाईंच्या मैत्रीण चंद्रलेखा आपल्याच मुलखातल्या. वाड्याला १९२८ मध्ये जन्मलेल्या. पुढं त्या मद्रासला गेल्या, भरतनाट्यम् शिकल्या, ते बाजूला ठेवलं आणि १९८४ मध्ये मुंबईत एनसीपीएच्या मंचावर नव्यानं उभ्या राहिल्या. कलरीचे पवित्रे, योगासनं आणि नृत्य यांतून त्यांनी शरीराची वेगळीच भाषा केली. त्यांच्यावर ईन लाल यांनी 'शरीर' हा माहितीपट केला तो २००३ मध्ये, म्हणजे बाई हयात असताना. २००६ च्या डिसेंबरात चंद्रलेखा गेल्या. तीन वर्षं उशीर झाला असता तर तोही आठवणींचाच चित्रपट झाला असता.

आणि आपल्या दारातलं बोलायचं तर, मंचावरच्या कोळीनृत्यात पोरं रंगवलेली लहान वल्ही हातात घेऊन वल्हवतात. होड्यांना इंजिन लागून जमाना झाला. खऱ्या वल्ह्याला पाणी मागं ढकलताना कंबर कुठं जाते, पाय कुठं रुततो, हे ज्यांच्या अंगात आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्या मुलाखती घेणारे पुष्कळ येतात. "तुमच्या वेळचं सांगा," म्हणतात. ते सांगतात आणि रडतातही. पण त्यांना तालमीला नेऊन बसवा. पोरगं वल्हं चुकीचं धरेल, आजोबा उठतील, "असं नाय रे" म्हणत त्याचा खांदा धरून फिरवतील. चित्रीकरण करायचं ते त्या क्षणाचं.

'पिना' पाहावा, जमलं तर चष्म्यासह पुन्हा पाहावा. पण तो उशिरा सुरू झालेला चित्रपट आहे आणि त्याचं दुःख त्याच्या प्रत्येक चौकटीत आहे. आपल्याकडे थोडा वेळ अजून आहे. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. त्या कालच्या आजी आल्या असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करू.