एकतर्फी निकाल

मार्च १९९०. उल्हासनगरमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. परीक्षेच्या वर्गात हत्यारं घेऊन काही तरुण शिरले आणि पेपर लिहायला बसलेल्या रिंकू पाटील या मुलीला त्यांनी पेटवून दिलं. ती त्यात गेली. सगळा महाराष्ट्र हादरला.

कॅम्प एकमध्ये, शहाड स्टेशनच्या बाजूला वाढलेल्या माझ्या पिढीचा जन्म या घटनेनंतरचा. आम्हाला ती मोठ्यांच्या बोलण्यातून कळली आणि कळली तीही ठरावीक शब्दांत: एकतर्फी प्रेमातून झालं होतं ते. पुढे हे शब्द भेटतच राहिले. फेब्रुवारी २०२०मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं गेलं, तेव्हा बातम्यांत हेच शब्द होते. जून २०२३मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला, तेव्हाही हेच. आजही फोनवर बातम्यांच्या ॲपमध्ये 'एकतर्फी प्रेमातून' एवढं टाइप करून बघा, पुढची ओळ आपोआप येते: हल्ला, खून, ॲसिड.

या लेखाचा विषय हे दोन शब्द आहेत. ते कुठून आले, सिनेमाने त्यांना कसं पोसलं, कायद्याने त्यांच्याऐवजी काय लिहायचा प्रयत्न केला आणि तो प्रयत्न आपण कसा वाया घालवतो, हे बघायचं आहे.

मूळ शब्द कोर्टाचा

'तरफ' म्हणजे बाजू. 'एकतर्फी' हा शब्द आपण क्रिकेटच्या सामन्यालाही लावतो, पण कोर्टात त्याला नेमका अर्थ आहे. दिवाणी दाव्यात समोरची बाजू हजर नसताना, तिचं काही न ऐकता कोर्ट जो हुकूमनामा देतं, तो एकतर्फी हुकूमनामा. समन्स पोचलंच नव्हतं हे दाखवता आलं, तर तो रद्द करून घेण्याची सोयही दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे.

आता हा अर्थ मनात धरून 'एकतर्फी प्रेम' वाचून बघा. एका मुलाने मनातल्या मनात दावा दाखल केला, स्वतःच सुनावणी घेतली, स्वतःच निकाल दिला. मुलीला समन्सही नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर हे फार साध्या रीतीने होतं. एकजण बोट दाखवून सांगतो, "ती तुमची वहिनी." त्या क्षणापासून बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या येण्याजाण्याची खबर त्याला द्यायची. जी वहिनी झाली तिला यातलं काहीही माहीत नसतं. 'पटवणं', 'पटली', 'लाइन देते' या सगळ्या शब्दांत ती एकतर जिंकायची वस्तू आहे, नाहीतर इशारा करणारी. विचार करून 'नको' म्हणणारी मुलगी या शब्दसंग्रहात बसत नाही. म्हणून तिने 'नको' म्हटलं की त्याचा अर्थ 'अजून नाही' असा लावला जातो.

कुणी म्हणेल, 'एकतर्फी' या शब्दातच तिची संमती नव्हती हे आलं की. आलं, हे खरं. पण बातमीच्या वाक्यात तो शब्द विशेषण आहे आणि 'प्रेम' हे नाम. वाक्य उभं राहतं नामावर. 'प्रेमातून खून' असं म्हटलं की आधी काहीतरी कोमल होतं आणि ते बिघडलं, अशी गोष्ट तयार होते. वाचणारा विचारतो, असं काय झालं असेल त्यांच्यात? 'त्यांच्यात' काही झालेलंच नसतं. एकाने मागणी केली, दुसरीने नाकारली, एवढंच. खुनाचं कारण हा नकार न पेलणं हे आहे आणि बातमीत नेमकं तेच गायब असतं.

हे फक्त बातम्यांपुरतं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनांची कारणनिहाय वर्गवारी असते. त्यात वैयक्तिक वैर आहे, लाभासाठी खून आहे, आणि एक रकाना आहे 'प्रेमप्रकरण'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ड्रॉपडाउनमध्ये जो पर्याय ठेवलेला नसतो, ती गोष्ट त्या प्रणालीपुरती अस्तित्वातच नसते. दोघांनी पळून जाऊन लग्न केलं म्हणून झालेला खून आणि कधी बोललीसुद्धा नाही अशा मुलीचा खून, या दोन उलट गोष्टी आहेत. नकारासाठी रकाना नसेल, तर पोलीस स्टेशनात फॉर्म भरणारा माणूस दुसरीलाही 'प्रेमप्रकरणा'तच टाकणार. मग नकारामुळे किती मुली मारल्या गेल्या, हा प्रश्न त्या तक्त्याला विचारताच येत नाही.

'डर' आणि त्यानंतर

उल्हासनगरच्या घटनेनंतर चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा डिसेंबर १९९३मध्ये यश चोप्रांचा 'डर' आला. त्याचं उपशीर्षकच 'हिंसक प्रेमकथा' अशा अर्थाचं होतं. शाहरुख खानचा राहुल किरणच्या मागावर असतो, तिला फोन करतो, चाकूने छातीवर तिचं नाव कोरतो. सिनेमा त्याला खलनायक म्हणतो, पण कॅमेरा त्याच्यावर जीव टाकतो. त्याचा एकटेपणा आपल्याला दिसतो, मेलेल्या आईशी फोनवर चाललेलं त्याचं बोलणं ऐकू येतं. किरणची भीती दिसते, पण तिचं मन दिसत नाही. जुही चावलाला या सिनेमात दचकायला आणि पळायला लावलंय. त्याचं अडखळत घेतलेलं तिचं नाव देशभर नक्कल होण्याइतकं लाडकं झालं, यावरून प्रेक्षक कुणाच्या बाजूने बसला होता ते कळतं.

'डर'चा शेवटही महत्त्वाचा आहे. किरणचा नवरा राहुलला मारून टाकतो. म्हणजे आधी एका पुरुषाचा एकतर्फी निकाल आणि मग दुसऱ्या पुरुषाचा. कोर्ट कुठेच नाही आणि किरणची साक्ष कुणालाच नको आहे. १९९४च्या 'अंजाम'मध्ये शाहरुखच्याच अशा भूमिकेसमोर माधुरी दीक्षितची शिवानी उभी राहते. तिचं म्हणणं कायदा ऐकत नाही, उलट तीच तुरुंगात जाते. तिथे बाईला कर्तेपण मिळतं, पण तेही केवळ सूड घेण्यापुरतं आणि जीव देऊन.

वीस वर्षांनंतरही फार बदललं नव्हतं. २०१३मध्ये 'रांझणा'तला कुंदन झोयासमोर मनगट कापून घेतो आणि सिनेमा त्याकडे निष्ठा म्हणून बघतो. स्वतःला इजा करून समोरच्यावर टाकलेला तो दबाव आहे, असं म्हणायला त्या पटकथेत कुणीच नाही. मराठीत याला उत्तर 'सैराट'ने दिलं, असं मला वाटतं. आर्ची परश्याकडे बघते, त्याला स्वतः जाब विचारते, होकारही आपल्या तोंडाने देते. तिथे हिंसा आहे, पण ती तिचा होकार न पचलेल्यांची. तिच्या होकाराला इतकं वजन आहे, म्हणूनच तिने नकार दिला असता तर त्यालाही वजन असतं. 'डर'मधल्या किरणच्या नकाराला ते कधीच मिळत नाही.

कायद्याने शोधलेला शब्द

कायदाही सुरुवातीला तिला ऐकत नव्हता. मार्च १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं, ते आरोपींच्या सुटकेने. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नव्हता, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून आहे. तुकाराम हे आरोपी पोलिसाचं नाव. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून या तर्काचे वाभाडे काढले. देशभर आंदोलनं झाली आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरावं, अशी तरतूद आली. तिच्या वाक्याला पहिल्यांदा पुराव्याचा दर्जा मिळाला.

पाठलागाचं मात्र राहूनच गेलं. १९९०मध्ये एखाद्या मुलीने तक्रार केली असती, की हा मुलगा रोज मागे येतो, तर त्या कृत्याला दंडसंहितेत वेगळं नाव नव्हतं. होता तो 'विनयभंग', म्हणजे भंगायचा तो तिचा विनय. तिची इच्छा काय, हा प्रश्नच त्या शब्दात नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली, तिने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३च्या दुरुस्तीने कलम ३५४ ड आलं. 'रांझणा' आला त्याच वर्षी. आता हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.

या कलमाची वाक्यरचना बघण्यासारखी आहे. स्त्रीने आपल्याला रस नसल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुष तिचा पाठलाग करतो, पुन्हा पुन्हा संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो, तर तो गुन्हा. ती इंटरनेट किंवा फोन कसा वापरते यावर पाळत ठेवणं हाही गुन्हा. मुलाच्या मनात प्रेम होतं की वासना, याची कायदा चौकशीच करत नाही. वाक्य तिच्या नकारापासून सुरू होतं. बातम्यांना आणि सिनेमाला जे जमलं नाही, ते या रुक्ष कलमाला जमलं.

अर्थात कलम आलं म्हणजे काम झालं असं नाही. पहिल्या वेळी दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. पहिल्यांदाही गुन्हा दखलपात्र असतो, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा. 'एनसी लिहून देतो', 'मुलाला बोलावून समज देतो' ही उत्तरं कायद्यात बसत नाहीत. हे आपल्या बहिणींना, मैत्रिणींना माहीत असायला हवं. खुनापर्यंत जाणारा रस्ता बहुतेक वेळा पाठलागातूनच जातो आणि त्याला अडवण्यासाठी आपल्याकडे हेच कलम आहे.

दुसरा एकतर्फी निकाल

उल्हासनगरच्या पुढे अंबरनाथ आणि मग बदलापूर. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कामगाराने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार आली. एफआयआर नोंदवायला पोलिसांनी पालकांना तासन्‌तास थांबवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि गाड्या बंद पडल्या. तो राग खरा होता आणि त्यामुळेच यंत्रणा हलली.

२३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. त्यानंतर मुंबईत 'बदला पुरा' असे बॅनर लागले, त्यावर हातात बंदूक घेतलेले देवेंद्र फडणवीस होते. गावाच्या नावावर केलेली ती कोटी अनेकांना आवडली. त्याला पुरायला बदलापूर, अंबरनाथमध्ये जागा मिळेना. अखेर आमच्या उल्हासनगरात, लोकांच्या विरोधात, पोलीस बंदोबस्तात दफन झालं. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

आरोपीबद्दल कुणाला सहानुभूती असावी, असं मी म्हणत नाही. मला दिसतं ते 'डर'चं शेवटचं दृश्य. 'बदला पुरा' या वाक्यात बदला घेणारा आहे, ज्याचा घेतला तो आहे. त्या दोन मुली कुठे आहेत? पॉक्सो कायद्यात लहान मुलाचं ऐकून घेण्याची बारकाईने सोय केलेली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये, मध्ये मध्ये विश्रांती द्यावी. चार वर्षांच्या मुलीचं वाक्यही कोर्टात पोचावं, म्हणून कुणीतरी बसून हे सगळं लिहिलं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या मुली खरं बोलत होत्या असं त्याच्याबाबतीत निकालपत्रात लिहून मिळण्याची शक्यताही तिथेच संपली. त्या गोळीने बाजू त्यांचीच कापली.

हळू चालणाऱ्या कोर्टाचा कंटाळा मलाही येतो. पण हिंगणघाटच्या प्रकरणात खटला चालला, साक्षी झाल्या आणि १० फेब्रुवारी २०२२ला, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, आरोपीला जन्मठेप झाली. तिच्या बाबतीत काय घडलं, ते आता एका निकालपत्रात नोंदलेलं आहे. बॅनर पावसात गळून पडतो. निकालपत्र पुढच्या खटल्यात वकील दाखवू शकतो.

म्हणून मला एक छोटी गोष्ट मोठी वाटते. बातमी लिहिणाऱ्यांनी 'एकतर्फी प्रेमातून खून' ऐवजी 'नकार दिल्यामुळे खून' असं लिहावं, मथळ्याच्या जागेत ते सहज बसतं. गुन्हे नोंदीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा. आणि कट्ट्यावर कुणी 'ती तुमची वहिनी' म्हणालं, तर तिथल्या एकाने तरी विचारावं, तिला माहितीये का?