शिवनेरीवरचा शुक्रवार

शिवजन्माची नोंद जेधे शकावलीत आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली प्रकाशात आणली. तिच्यात शक १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार आणि हस्त नक्षत्र असे सगळे एकत्र दिले आहे. तिथीशी वार जुळतो का, हे वाचणारा स्वतः ताडून पाहू शकतो.

हाच दिवस आज संकेतस्थळांवर बहुधा ‘१९/२/१६३०’ एवढाच उरतो. वार, तिथी आणि कालगणनेचे नाव, तिन्ही गळतात. माझा आक्षेप या गाळण्याला आहे.

१९ फेब्रुवारी ही ज्यूलियन, म्हणजे जुन्या पद्धतीची तारीख आहे. आज जगभर चालणाऱ्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३०. परदेशातला चिकित्सक वाचक १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख संगणकाला देतो, तेव्हा संगणक आजचीच पद्धत मागे नेतो आणि वार सांगतो मंगळवार. शकावलीत तर शुक्रवार आहे! वाचकाला वाटते, मराठी साधनच अविश्वसनीय. प्रत्यक्षात शकावली बरोबर आहे. चूक अर्धवट तारीख छापणाऱ्याची आहे.

शिवकालाच्या अभ्यासात हा घोटाळा पुढेही छळतो. गोव्याचे पोर्तुगीज सुधारित पद्धतीने तारखा घालत, तर इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत सोडली नाही. त्यामुळे एकाच दिवशी गोव्यात आणि सुरतेच्या वखारीत लिहिलेल्या पत्रांत दहा दिवसांचे अंतर दिसते. इंग्रजांचे वर्षही २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांच्या हिशेबी तो फेब्रुवारी १६२९ सालातलाच.

आपली तिथीही परक्या वाचकाला खुलासा मागते. शकात ७८ मिळवले की १६२९ येते. पण जानेवारीनंतरच्या फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपली फाल्गुन वद्य तृतीया तिथे चैत्र कृष्ण तृतीया होते. शिवाय आकड्यांचा क्रम आहेच. महाराजांच्या निधनाची तारीख ‘३/४/१६८०’ अशी लिहिली, तर अमेरिकेत वाढलेले मराठी मूल ती ४ मार्च अशी वाचील.

सामान्य वाचकाला एवढा तपशील जड होतो, असे कोणी म्हणेल. तो सगळा त्याच्यापुढे मांडावा असे माझेही म्हणणे नाही. ‘शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३० (ज्यूलियन), १ मार्च १६३० (ग्रेगोरियन), फाल्गुन वद्य ३, शके १५५१’ ही एक ओळ पुरे. महिना अक्षरांत लिहिला की क्रमाचा गोंधळ मिटतो. वार तर हवाच, कारण पंचांग सुधारताना युरोपने तारखा वगळल्या, पण वारांची साखळी तोडली नाही.

आमच्या वारूळवाडीजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. महिने आणि वर्षे बाजूला ठेवून दिवस सलग मोजण्याची सोय खगोलशास्त्राने केव्हाच करून ठेवली आहे. त्या मोजणीत १९ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन्ही तारखांचा क्रमांक एकच येतो : २३१६४६५. शिवनेरीवरचा तो दिवस एकच होता. तो ओळखता येईल इतपत खुणा छापणे, हे संपादकाचे काम आहे.