प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांची यादी कोण करणार?

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, त्या दिवशी निगडीपासून आकुर्डीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव पडलेले असतात. कुठे चहा वाटला जातो, कुठे केळी, कुठे वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळले जाते. या मांडवांच्या कर्ण्यांतून एक आवाज पुन्हापुन्हा ऐकू येतो. तो प्रल्हाद शिंदे यांचा. १४ एप्रिलला पिंपरीच्या आंबेडकर चौकात निळे झेंडे लागतात. त्या दिवशीही कर्ण्यातून तोच आवाज येतो. गाणे वेगळे, आवाज तोच.

या दोन जागांच्या अलीकडे देहूरोड आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची आहे आणि हे आपण सिद्ध करणार आहोत, असे मत त्यांनी त्या दिवशीच्या भाषणात मांडले होते. त्या मताचे ऐतिहासिक मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही. पण विठ्ठल आणि बुद्ध हे दोन विषय एका श्वासात उच्चारले गेले ते याच मातीत, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ. कारण प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्याची अडचण आणि त्याचे मोठेपण नेमके याच ठिकाणी आहे.

(१)

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. मंगळवेढा तालुक्यातल्या गरीब, गाऊन पोट भरणाऱ्या घरात ते वाढले. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचे गाव. तिथेच कुसवाची भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीशी, म्हणजे बाहेर, राहिली. त्याच मुलखातल्या एका आंबेडकरी गायकाने विसाव्या शतकात विठ्ठल घराघरात नेऊन पोचवला. त्याने भीमगीते गायली, बुद्धगीते गायली, कव्वाल्या गायल्या, गणपतीची गाणी गायली, लोकगीते गायली. तव्यांपासून कॅसेटीपर्यंतचा सारा काळ त्याने आपल्या गळ्यावर पेलला. २३ जून २००४ रोजी ते गेले.

एवढे गाणाऱ्या या माणसाच्या ध्वनिमुद्रणांची वर्षवार, गीतकारांच्या आणि वादकांच्या नावांसह केलेली पूर्ण यादी आपल्या एकाही वाचनालयाच्या फळीवर नाही.

याद्या आहेत, पण त्या अर्ध्या आहेत. आकाशवाणीवर पहाटे ऐकणाऱ्या मध्यमवर्गाच्या मनात एक यादी आहे. तीत प्रल्हाद शिंदे म्हणजे विठ्ठलाचे गायक. भीमगीतांचा त्या यादीला पत्ताच नाही. दुसरी यादी आपल्या मनात आहे. तीत ते भीमगायक. विठ्ठलाची गाणी निघाली की आपण किंचित खाकरतो आणि ‘पोटासाठी गायले’ असे म्हणून पुढे सरकतो. पहिल्या यादीने त्यांची जात लपवली, दुसरीने त्यांची भाकरी. माझ्या मते दोन्ही याद्या खोट्या आहेत. जे जे गायले ते ते सारे एकाच वहीत, एकाखाली एक, तारखेच्या क्रमाने लिहिले जात नाही, तोवर या गायकाविषयी आपण जे बोलतो ती समीक्षा नव्हे. तो केवळ आपापल्या सोयीचा गौरव आहे.

(२)

माझे वडील भोसरीच्या एका लहान कारखान्यात लेथवर होते. रात्रपाळी करून आले की अंघोळ होईपर्यंत टेपरेकॉर्डर चालू असे. घरात पुस्तकाचे कपाट नव्हते. एक लोखंडी पेटी होती आणि तीत साठेक कॅसेटी होत्या. मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर ग्रंथसूची म्हणजे काय हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर समजावून सांगू लागलो, आणि एक दिवस मनात आले, आपल्या घरातला ग्रंथालयाचा भाग ही पेटीच होती. तिची सूची कुठे आहे?

मग चार विद्यार्थ्यांना घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी अडलो. कित्येक कॅसेटींचे कागदी कार्ड हरवलेले. ज्यांची कार्डे होती त्यांवर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक, पण बऱ्याच कार्डांवर गीतकाराचे नाव नाही. ढोलकी कोणाची, बुलबुलतरंग कोणाचा, कोरसला कोण, हे तर नाहीच.

हा केवळ निष्काळजीपणा नाही, त्यात वस्तूचाही भाग आहे. तव्याचे लेबल फाटले तरी मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक उरतो. त्या क्रमांकावरून मुद्रण कुठले, कोणते, हे शोधता येते. कॅसेटच्या फितीवर असे काही कोरलेले नसते. कार्ड गेले की ओळख गेली. म्हणजे श्रीमंतांच्या घरातला तवा स्वतःची साक्ष स्वतः देतो आणि कामगाराच्या घरातली कॅसेट मुकी होते. पुढे याच कॅसेटी संगणकात उतरवल्या गेल्या, मोबाईलमध्ये आल्या, आणि उतरवणाऱ्याला जे नाव आठवले ते गाण्याला चिकटले. विठ्ठल उमपांचे गाणे शिंद्यांच्या नावावर आणि वडिलांचे गाणे मुलाच्या नावावर, असे घोटाळे आम्हाला एका आठवड्यात सापडले.

(३)

यावर आपल्यातलेच काही म्हणतील, गाणे लोकांच्या ओठांवर जगते, त्याला यादी कशाला? मी उलट विचारतो, ओठांनी काय जपले? चाल जपली, धृपद जपले. लिहिणाऱ्याचे नाव ओठांनी जपले नाही.

‘तूच सुखकर्ता’ हे गणपतीचे गाणे घ्या. भाद्रपदात ते वाजत नाही असा मांडव विरळा. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा हे बहुतेकांना ठाऊक असते. पण शब्द हरेंद्र जाधव यांचे, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्यांची भीमगीते आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेच हरेंद्र जाधव. म्हणजे सवर्ण वस्तीतल्या मांडवात आंबेडकरी कवीचे शब्द आंबेडकरी गायकाच्या गळ्यातून वाजतात, आणि आरतीचे ताट हाती घेतलेल्या माणसाला त्याची गंधवार्ता नसते. ही साधी माहिती नाही. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात कोणी राबायचे आणि नाव कोणाचे व्हायचे, याचा हा दाखला आहे. तो दाखला यादीच्या एका ओळीत मावतो: गाणे, गीतकार, संगीतकार, गायक, साल.

आपल्या शाहिरांना हे कळत होते. वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही आपली मुद्रा घालत. ही संतांपासून आलेली रीत. १९०२ साली कलकत्त्याला गोहरजानने पहिल्या तव्यांसाठी गायले, तेव्हा गाणे संपता संपता तिने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारून ठेवले. तवे छापणाऱ्या परदेशी कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून. आपले नाव कोणी तरी पुसणार आहे हे दोघांनाही माहीत होते. पण मुद्रा असते शेवटच्या कडव्यात. वेळ पुरत नाही म्हणून शेवटचे कडवे गाळले की वामनदादाही गळतात.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यानंतर ३९ दिवसांनी प्रल्हाद शिंदे गेले. एका उन्हाळ्यात आपण लिहिणारा हात आणि गाणारा गळा दोन्ही गमावले. शोकसभा पुष्कळ झाल्या. त्या शोकसभांतून एक वही मात्र निघाली नाही.

आणि नावाला पैशाचीही बाजू आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कंपनीला सहजासहजी गिळता येणार नाही, अशी तरतूद आली. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पण गीत त्यांचे हे कागदावर दाखवता आले तर! मागणाऱ्याच्या हातात यादी नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

(४)

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याला जवळचे आहे. अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक जेम्स ब्राउन. जन्म १९३३ चाच, घर दरिद्री. ज्याला ‘फंक’ म्हणतात त्या ठेकेबाज नाचऱ्या संगीताचा तो जनक मानला जातो. त्याचेही मुद्रण अफाट. पण १९९१ साली त्याच्या गाण्यांचा ‘स्टार टाइम’ हा संच निघाला तेव्हा अभ्यासकांनी गाण्यागणिक तपशील दिला: कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोणत्या वादकांना घेऊन. त्याच्या ‘फंकी ड्रमर’ या १९६९ च्या मुद्रणात क्लाइड स्टबलफील्ड या ड्रमवाल्याने काही सेकंद एकट्याने ठेका धरला आहे. पुढच्या पिढीतल्या रॅप गायकांनी तो तुकडा असंख्य गाण्यांत उचलला. स्टबलफील्डला त्याचे मोल मिळाले नाही. तो अन्याय झालाच. पण त्या अन्यायाला नाव आणि तारीख आहे, कारण यादी आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या मागे ज्याने ढोलकी घुमवली त्याच्यावर अन्याय झाला, हे सिद्ध करायलाही आपल्याकडे नाव नाही. १९७२ साली पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून घेतले. त्यांची ही चिकाटीही घ्यायला हवी होती.

आणि ही चिकाटी आपल्यात नाही असे कोण म्हणेल? चांगदेव खैरमोडे यांनी कागद-कागद जमवून बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडांनी लिहिले. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड निघू लागले. शब्दाची राखण आपण केली. जलशाचे मोल बाबासाहेबांनी आपल्या भाषणांहून अधिक मानले, हे आपण दर सभेत सांगतो. मग भाषणांचे खंड आणि गाण्याची पाटी कोरी, हे कसे?

(५)

आता सर्वांत अवघड प्रश्न. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने आपल्या गायकाची विठ्ठल-गणपतीची गाणी यादीत का लिहावीत? ती गाळली तर बिघडले काय?

बिघडेल ते असे. ‘पाऊले चालती’ हे गाणे ऐका. दत्ता पाटील यांचे शब्द, मधुकर पाठक यांची चाल. त्यातला खुला, वरच्या पट्टीत निर्धास्त चढणारा आवाज, दिंडीची चाल धरून ठेवणारी लय, हे सारे कीर्तनातून आलेले आहे. मग त्यांचे एखादे भीमगीत ऐका. तोच चढ आहे, पण शेवटाला ओळ पुन्हापुन्हा घोळवून ऐकणाऱ्याला उठवून बसवण्याची तऱ्हा कव्वालीची आहे. भजनाने त्यांना दम दिला आणि कव्वालीने सवाल करण्याची धमक दिली. भीमगीतात हे दोन्ही एकत्र आले. विठ्ठल गाळला तर भीमगीताची घडण कळणार नाही. भीम गाळला तर विठ्ठलाच्या गाण्यातला तो न विनवणारा, ताठ स्वर कुठून आला ते कळणार नाही. पायरीशी थांबवलेल्याच्या लेकराचा तो स्वर आहे.

टीका करायची तर तीही यादीनंतरच करता येईल. बाजाराने देवाच्या गाण्याला पैसा दिला आणि भीमाच्या गाण्याला कमी दिला, असा आपला आरोप आहे. तो खरा असेल. पण कोणत्या साली, कोणत्या कंपनीने, कोणती किती गाणी काढली, हे मांडल्याशिवाय तो आरोप राहतो, पुरावा होत नाही. म्हणून यादीत त्यांचे सगळे यावे. मुलांच्या, आनंद-मिलिंद यांच्या, ‘नवीन पोपट हा’सारख्या गाण्याची यादीही तिच्या शेजारी असावी. एकाच टपरीवर, एकाच फळीवर ती सारी विकली गेली आणि एकाच घरात ऐकली गेली. अभिरुचीच्या नावाखाली प्रस्थापितांनी आपल्याला गाळले. त्याच चाळणीने आपण आपल्या माणसाला गाळू नये.

काम कसे करावे? मोठ्या अनुदानाची वाट पाहू नये. दापोडीपासून चाकणपर्यंत विहार आहेत, वस्त्या आहेत, महाविद्यालये आहेत. घराघरातल्या पेट्या उघडाव्यात. कार्डावर जे आहे ते तसेच लिहावे, आपल्या मनाने दुरुस्त करू नये. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालावे. एकच गाणे दोनदा मुद्रित झाले असेल तर दोन नोंदी कराव्यात. शेवटचे कडवे आहे की गाळले आहे, ते लिहावे. आणि जुने वादक, कोरसवाले अजून हयात आहेत, त्यांच्याकडे आधी जावे. कॅसेट थोडा काळ थांबेल, माणूस थांबणार नाही.

आमची वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर वडिलांच्या पेटीतली पहिली कॅसेट आहे. एका बाजूला विठ्ठल आणि दुसऱ्या बाजूला भीम, अशी ती वडिलांनी स्वतः भरून घेतलेली. कार्डावर गीतकारांची नावे नव्हती. वडिलांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोन नावे सांगितली. ती नावे आम्ही पेन्सिलीने लिहिली आहेत. ज्यांना खात्रीने ठाऊक असेल त्यांनी यावे आणि शाईने लिहावीत.