थांबलेल्या काळाचे व्याकरण : मारीन्टाल आणि 'अधांतर'

कारखाना बंद पडणे ही आर्थिक इतिहासात एका तारखेची घटना असते. साहित्यात मात्र तिचा खरा आरंभ त्या तारखेनंतर होतो. संपाला, मोर्चाला कथानक असते; त्यामागून येणाऱ्या रिकाम्या दिवसांना ते नसते. ज्यात काहीच घडत नाही असा काळ शब्दांत कसा आणावयाचा, हा या विषयावरील संहितांपुढचा मूलभूत प्रश्न होय. व्हिएन्नाजवळील मारीन्टाल या गिरणीगावाचा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी केलेला, १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणि जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक शेजारी ठेवले असता या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे हाती येतात.

मारीन्टालची वस्ती एकाच गिरणीभोवती वाढलेली. १९२९ च्या उन्हाळ्यात तिचे विभाग एकामागून एक थांबू लागले आणि फेब्रुवारी १९३० पर्यंत गिरणी पूर्ण बंद झाली. १९३१-३२ मध्ये संशोधक तेथे पोहोचले तेव्हा ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांत एकालाही रोजगार नव्हता. उपासमारीतून बंड उभे राहील ही तत्कालीन अपेक्षा येथे खोटी ठरली. दिसली ती ग्लानी. ग्रंथालयाचे शुल्क रद्द होऊनही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. दिनक्रमाच्या तक्त्यात उठणे, जेवणे व झोपणे यांपलीकडे पुरुषांना फारसे काही नोंदवता येईना. रस्त्याने जाताना ते वारंवार थांबत. स्त्रिया मात्र झपझप चालत, कारण मजुरी गेली तरी घरकाम सुटले नव्हते.

या अहवालाचे वाङ्मयीन मोल अशा तपशिलांच्या निवडीत आहे. नाताळच्या भेटींविषयी मुलांनी लिहिलेल्या निबंधांचे उदाहरण पाहावे. गावातील मुलांच्या इच्छांची किंमत शेजारच्या गावांतील मुलांच्या इच्छांच्या सुमारे एक-तृतीयांश भरली. त्याहून बोलकी आहे ती वाक्यरचना. अनेक मुलांनी इच्छा थेट मांडलीच नाही; आईवडिलांना काम असते तर अमुक मागितले असते, अशा संकेतार्थी रूपांत ती लिहिली. बेकारी येथे क्रियापदात उतरली आहे. आकडेवारीला जे सांगता आले नसते ते व्याकरणाने सांगितले.

'अधांतर' हे शीर्षकही अशाच एका स्थितीचे नाव आहे. गिरणगावातील चाळीची एक खोली, आई आणि तिची वाढलेली मुले एवढ्या अवकाशात नाटक घडते. गिरणी रंगमंचावर येत नाही, तरी प्रत्येक संबंध तिच्या अभावाने वाकलेला असतो. आईचे काम न थांबणे हा मारीन्टालच्या स्त्रियांशी जुळणारा धागा. मात्र अहवालात काळ सैलावतो, तर नाटकात तो तुंबतो आणि घरातल्या माणसांच्या एकमेकांवरील रागात फुटतो.

हा फरक केवळ साहित्यप्रकाराचा नाही. मारीन्टालमध्ये बंदी लादली गेली होती. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप हा आधी निर्णय होता, पराभव नंतर झाला. म्हणूनच येथे ग्लानीबरोबर संतापही उरला. दुसरे असे की, मारीन्टालच्या बहुतेकांना गिरणी हेच गाव होते. गिरणगावाला मात्र कोकणात आणि घाटावर दुसरे घर होते. संपकाळात असंख्य कामगार तिकडे परतले. वर्षानुवर्षे मनीऑर्डरीवर चाललेल्या घरांनाच आता पाठवणाऱ्याला पोसावे लागले. शहरातला संप लांबला तो बऱ्याच अंशी या गावांच्या धान्यावर.

'अधांतर'सारख्या कृतींना महानगरी साहित्याच्या सदरात टाकले की हा अर्धा इतिहास नजरेआड होतो. चाळीतल्या खोलीची मर्यादा ही नाट्यरूपाची गरज आहे. ती समीक्षेचीही मर्यादा होण्याचे कारण नाही. मारीन्टालचा अहवाल मराठी अभ्यासकाला जी दृष्टी देतो ती हीच : गिरणीच्या फाटकापाशी न थांबता बंदीचे पडसाद घराघरांत, मुलांच्या वाक्यांत आणि माणसांच्या चालण्यात शोधावयाचे. त्या दृष्टीने पाहिल्यास १९८२ नंतरचे कोकणातले गाव हे गिरणी-साहित्याची पार्श्वभूमी राहत नाही. ते त्याचे दुसरे घटनास्थळ ठरते.